गच्चीच्या उत्तर बाजूला

“सावली! अगं, सावली बघ तुझी!”

नगरकर सर जिन्यातूनच असे ओरडले की मी होते तिथेच थिजले. खाली बघते तर माझ्या डोक्याची सावली गच्चीवरून लांब पसरलेली, आणि यंत्राच्या काचेच्या घुमटापासून जेमतेम वीतभर अंतरावर येऊन थांबलेली.

“दोन हिवाळे झाले तुला इथे येऊन,” सर धापा टाकत वर आले, “आणि अजून कुठल्या बाजूने यायचं ते कळत नाही? उत्तरेकडून, बाई, उत्तरेकडून! हत्तुऱ्यांना विचार. त्यांची सावली कधी पडली का आजवर?”

रेवण हत्तुरे, आमचे निरीक्षक, गच्चीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात खाकी कोट घालून शाळेतल्या हुशार पोरासारखे उभे होते. “न्हाई सर,” ते खाली बघत म्हणाले. “एकदाबी न्हाई.”

खरं होतं ते. आमच्या त्या गच्चीवर सावली म्हणजे महापाप. देवळात चप्पल घालून गेलात तर एखादे वेळी चालेल, पण त्या घुमटावर सावली? शिव शिव!

आमचं केंद्र मंगळवेढ्याच्या पुढे, फाट्यावरून अर्धा मैल आत, एका उघड्याबोडक्या टेकाडावर, माथ्याच्या बरंच खाली होतं. दोन दगडी खोल्या, वर सपाट गच्ची, गच्चीवर कमरेइतक्या उंच ओट्यावर दोन काचेचे घुमट. एक घुमट मोकळा, तो सगळं ऊन मोजायचा. दुसऱ्यावर एक काळी कडी अशी बसवलेली की सूर्याचं बिंब दिवसभर तिच्याआड राहील. तो फक्त पसरलेला उजेड मोजायचा, म्हणजे सूर्याकडून थेट न येता निळ्या आभाळातून येतो तो. दोन्हींची वजाबाकी केली की थेट ऊन मिळतं. दोन्ही घुमटांच्या तारा खालच्या खोलीत यायच्या आणि तिथे दोन पेनं कागदाच्या गुंडाळीवर दिवसभर रेघ ओढत बसायची.

माझं काम दुसऱ्या रेघेचं. आभाळात ढगाचा एक पुंजकाही नसेल त्या दिवशी जमिनीवर किती ऊन पडायला हवं, हे आधीच गणिताने सांगायचं. वरून निघालेल्या उन्हातलं वाटेत धूळ किती खाते, हवेतली वाफ किती गिळते, सकाळी तिरकी वाट लांब पडते तेव्हा किती जास्त गळतं, हे सगळं मांडून कागदावर माझी गुळगुळीत कमान काढायची आणि पेनाच्या रेघेवर ठेवायची. जुळली तर मी डॉक्टर कालिंदी खासनीस. नाही जुळली तर परत पुण्याला, आणि पहिल्यापासून श्रीगणेशा. फेब्रुवारी सरत आला होता. मार्चमध्ये एकदा वावटळी सुटल्या आणि आभाळ धुळकट झालं की पुढच्या थंडीपर्यंत हात चोळत बसायचं. आणि पुढची थंडी सर देणार नव्हते.

आणि सगळं जुळत असताना, रोज सकाळी पावणेअकराच्या सुमाराला, पेनाची रेघ माझ्या कमानीच्या वर उचलली जायची. फार नाही. कपाळावर टेंगूळ येतं तेवढी. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा खाली, जणू काही झालंच नाही. त्यासाठी सर पुण्याहून जीप काढून आले होते.

“थेट उन्हात फरक नाही,” सर खाली येऊन कागद पसरून बसले. “पसरलेला उजेड वाढतोय. म्हणजे हवेचा दोष नाही. हवेत धूळ वाढली असती तर थेट ऊन कमी झालं असतं. जवळचंच काहीतरी चमकतंय, आणि तो उजेड घुमटात जातोय. कधीपासून?”

“संक्रांतीपासून, सर.”

“वा! सूर्यनारायण मकरेत गेले आणि जाता जाता आमच्या कालिंदीची थट्टा करून गेले.”

खालच्या उतारावर धनाप्पाच्या कोंबड्यांची शेड होती, तिच्यावर नवे पत्रे. मला वाटलं, सापडला चोर. सरांनी त्याच्याशी गोड बोलून पत्र्यांना डांबर फासायला लावलं. धनाप्पा तिन्ही त्रिकाळ येऊन कोंबड्या उकडत्यात म्हणून बोंबलायला लागला, आणि रेघ होती तिथेच उचलली जात राहिली. चारच दिवसांनी सर पुन्हा आले.

“एस.टी.ची काच असेल, सर. मंगळवेढ्याहून माझी गाडी त्याच वेळेला फाट्यावर येते.”

“रविवारी एस.टी. येत नाही?”

“येते की.”

“मग रविवारचा कागद बघ. रेघ कशी सुतासारखी सरळ. रविवारी काच चमकायची सुट्टी घेते का? रविवारी इथे काय नसतं, ते सांग.”

मी विचार केला. “रविवारी मी नसते, सर.”

सर चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, “पण त्या वेळी तू गच्चीवर असतेस कुठे? तू तर फाट्यावर. म्हणजे तू नव्हेस.” आणि पुन्हा कागदात डोकं घातलं. 

मी चहा आणायला उठले, तर हत्तुरे दारातच तीन कप घेऊन उभे होते.

आता रेवण हत्तुऱ्यांबद्दल सांगायलाच हवं, आणि आडपडदा न ठेवता सांगते, कारण आता कोणाची भीती? मला तो माणूस आवडत होता. माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठा असेल. सोलापूरला बी.एस्सी. केलेला, सावळा, बोलायला कमी. मी पुण्याची, सदाशिव पेठेतली, तोंडाचा पट्टा चालू असायचा. त्याच्यासमोर मात्र माझी वाक्यं अर्धवट राहायची. सूर्य रोज थोडा उत्तरेला सरकतो, तशी ती काळी कडीही सरकवावी लागते. ते काम त्याचं. तो ती अशी अलगद सरकवायचा की मला उगीचच त्या कडीचा हेवा वाटायचा. हसू नका. सव्विसाव्या वर्षी माणूस कशाचाही हेवा करतं.

एकदा हुरडा खाताना त्याने विचारलं होतं, “मॅडम, ढग नसलं की किती ऊन पडणार, ते कागदावर आधीच कळतंय म्हणता. मग मोजायचं कशाला?”

“कागदावरचं खरं आहे का ते बघायला.”

“आणि खरं न्हाई निघालं तर?”

“तर काहीतरी आपल्या लक्षात आलेलं नाही, असं समजायचं.”

त्याने मान डोलावली, शेंगदाण्याची चटणी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, “बरं हाय हे. मोजणारं यंत्र असल्यावर माणसानं सांगायची गरज न्हाई.”

मी हसले होते. वेडीच मी!

तर, त्या संध्याकाळी सरांनी फर्मान काढलं. “आज मी इथेच मुक्काम करतो. उद्या सकाळपासून पेनासमोर बसून राहतो. कालिंदी, तू नेहमीच्याच गाडीने यायचं, नेहमीच्याच वेळेला. काही बदल करायचा नाही. मागे लवकर आलीस तर त्या दिवशी रेघ हललीच नाही. लाजते वाटतं तुझ्यासमोर. उद्या पकडायचीच. नाही सापडली, तर पसरलेल्या उजेडाचा सगळा हिशेब रद्द. केंद्रही बंद. मी वर काय तोंड दाखवू?”

केंद्र बंद म्हटल्यावर मी घाबरले. प्रबंधासाठी घाबरले असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी फाट्यावर उतरले. गाडी धुरळा उडवत पुढे गेली. तिथून आमचं टेकाड समोर, उत्तरेला दिसायचं. ऊन माझ्या पाठीमागून थेट त्याच्यावर, त्यामुळे सगळं स्वच्छ. दगडी भिंती, गच्ची, आणि गच्चीवर तो ओळखीचा पांढरा ठिपका. तो ठिपका मी रोज बघायचे. बघून बरं वाटायचं, का ते कधी विचारलं नाही स्वतःला. थर्मामीटरची पांढरी पेटी आहे, असं मी धरून चालले होते. संक्रांतीच्या सुमाराला हत्तुऱ्यांनी तिला नवा रंग दिला होता, तेव्हापासून ती इतक्या लांबूनही दिसायला लागली, एवढंच. पुढे वाट शाळूच्या शेतातून जायची, डोक्याच्या वर गेलेली ज्वारी, त्यात शिरलं की टेकाड दिसायचं नाही. बाहेर पडावं तर थेट पायथ्याशी. 

पण त्या दिवशी मी चोर शोधायला निघालेली. म्हटलं, आज डोळे फाडून बघायचं. काय काय चमकू शकतं, एकेक करून मोजायचं. पत्रे काळे झालेले. पाण्याची टाकी सिमेंटची. पेटी पांढरी, पण…

पेटी गच्चीवर नव्हती! पेटी मागच्या अंगणात होती, खोल्यांच्या पलीकडे, गवतावर चार पायांवर उभी. फाट्यावरून ती दिसणं शक्यच नव्हतं. दोन हिवाळे मी तिच्यात डोकावून तापमान घेत होते, आणि एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मग गच्चीवर पांढरं काय होतं?

मी तिथेच उभी राहिले, शाळूच्या बांधावर. ठिपका हलला. जरा डावीकडे झाला, पुन्हा मधे आला. मी वाटेला न लागता उभी का, असं त्याला वाटलं असावं. आणि मग मला संक्रांत आठवली. हत्तुरे नवा पांढरा शर्ट घालून तिळगूळ द्यायला आले होते. गडबडीत मी म्हटलं होतं, “अहो हत्तुरे, पांढऱ्यात किती छान दिसता तुम्ही!” म्हटलं आणि जीभ चावली. त्यांनी लाडू हातावर ठेवला आणि निघून गेले.

एस.टी. यायची वेळ झाली की तो माणूस वर जात होता. खाकी कोट काढून ठेवत होता. सरांनी शिकवल्याप्रमाणे, घुमटावर सावली पडू नये म्हणून, काळजीपूर्वक उत्तरेच्या बाजूला उभा राहत होता. तोंड दक्षिणेला, फाट्याकडे. मी उतरायचे, शाळूत शिरायचे. मी दिसेनाशी झाले की तो कोट चढवून खाली यायचा आणि चहा ठेवायचा. रोज मला पायथ्याशी चहाचा वास यायचा. एवढं ऊन अंगावर घेऊन तो पांढरा शर्ट घुमटाच्या हातभर मागे उभा! यंत्र बिचारं प्रामाणिक, त्याने तो उजेडही मोजला.

शाळूतून चालताना मला रडू आलं आणि हसूही आलं. पाय जमिनीवर नव्हते. म्हटलं, आज बोलायचं. आज काहीही होवो, बोलायचं.

खोलीत सर पेनासमोर मांडी ठोकून बसले होते. “उचलली! आत्ता, तुझी गाडी आली तेव्हा उचलली, आणि आज खाली यायलाही उशीर केला तिने. गुडघ्याने दगा दिला, नाहीतर पळत वर गेलो असतो. खालूनच हाक मारून विचारलं, हत्तुरे, वर काही चमकतंय का? तर म्हणाले, न्हाई सर, काहीच न्हाई. तुला वाटेत काही दिसलं?”

कोपऱ्यात स्टोव्हवर चहा उकळत होता. हत्तुरे पाठमोरे होते. खाकी कोटाच्या वर मानेपाशी पांढरी कॉलर दिसत होती. 

एक शब्द बोलले असते तर सर तापले असते. नियम म्हणजे नियम. हत्तुऱ्यांची नोकरी अजून कच्ची होती, कायम व्हायचे कागद सरांच्याच सहीवर अडलेले.

“दिसलं, सर,” मी म्हटलं. “पण उद्या रेघ सरळ आली की सांगते.”

सरांनी माझ्याकडे बघितलं, मग स्टोव्हकडे बघितलं. तो माणूस तीस वर्षं उजेड कुठून येतो तेच शोधत आलेला. काही ओळखलं असेल तर ओळखलं असेल. “बरं,” एवढंच म्हणाले आणि गुडघ्याला तेल चोळायला घेतलं.

दुपारी हत्तुरे कडी सरकवायला वर गेले तशी मीही गेले. उत्तरेकडून गेले. ते वाकून काम करत होते. मी कितीतरी वाक्यं मनात जुळवून आणली होती. आणि तोंडातून काय निघालं?

“हत्तुरे, सकाळी वर येताना कोट काढत जाऊ नका. पांढऱ्या कपड्यावरून ऊन परततं. पसरलेला उजेड वाढतो त्याने.”

त्यांचे हात कडीवर तसेच राहिले. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. मला दिसलं, चोर कोण ते त्यांना कळलं.

“म्हंजी… ते माझ्यामुळं व्हतं?”

“हो.”

“तुमचं सगळं काम… माझ्यामुळं बिघडालतं?” ते सरळ झाले. “आईची शपथ मॅडम, सावली पडू दिली न्हाई मी. एकदाबी न्हाई. उत्तरेलाच उभारत होतो.”

“माहीत आहे मला. सावली नाही पडली. उजेड पडला.”

मी वाट बघत होते. त्यांनी फक्त सांगायचं होतं, तिथे का उभं राहत होतो ते. आणि आता इतक्या वर्षांनी कळतं, तेही वाटच बघत होते. मी फक्त विचारायचं होतं, का उभे राहत होता म्हणून. वारा नव्हता. आभाळ असं निर्मळ की डोळे दुखावेत. माझ्या ओठावर आलं होतं हो, अगदी ओठावर! आणि खालून सरांनी हाक मारली, “कालिंदी, कॅल्क्युलेटर कुठे ठेवलास?”

“उद्यापासनं न्हाई व्हायचं, मॅडम,” हत्तुरे म्हणाले. “तुमची रेघ बरोबर येईल.”

आणि आली. दुसऱ्या दिवशी पेनाची रेघ माझ्या कमानीवरून अशी गेली की दोन रेघा आहेत हे सांगावं लागावं. सरांनी मंगळवेढ्याहून पेढे मागवले. “जिंकलीस, कालिंदी! आता सांग, काय होतं ते?” मी म्हटलं, “जवळच्या पांढऱ्या पृष्ठभागावरचं परावर्तन, सर. काढून टाकलं.” प्रबंधातही एवढंच लिहिलं. सरांनी अर्धा पेढा तोंडात टाकला, अर्धा हत्तुऱ्यांना दिला आणि म्हणाले, “चूक माझीच. जन्मभर सावली सावली करून ओरडलो. उजेडाबद्दल कोणाला काही सांगितलंच नाही.” 

हत्तुऱ्यांनी पेढा हातात धरला. सगळे खात होते म्हणून खाल्ला.

मला पदवी मिळाली. त्यांची नोकरी त्याच वर्षी कायम झाली आणि बदली दूर कुठेतरी किनाऱ्यावर झाली असं ऐकलं. पुढे माझं लग्न झालं, संसार झाला, चांगला झाला. आता मुलं संगणकावर चुटकीसरशी ती कमान काढतात. माझी जुनी गणितं कुठेतरी आत असतातही तिच्यात. कोणी कौतुकाने दाखवायला आलं की मी चष्मा लावते आणि माझी नजर पहिल्यांदा पावणेअकराकडे जाते. तिथे काही नसतं. किती गुळगुळीत असते ती रेघ!

पण मला ती रेघ छळत नाही. मला छळते ती फाट्यावरची शेवटची सकाळ.

रेघ जुळल्यावर सामान आवरायला मी आणखी काही दिवस त्याच गाडीने जात होते. शेवटच्या दिवशीही उतरले, गाडी जाऊ दिली, धुरळा बसू दिला आणि गच्चीकडे बघितलं. पांढरं काही नव्हतं. भिंती तपकिरी, गच्ची तपकिरी, मागचं टेकाड उन्हाने करपून तपकिरी. मी डोळ्यांवर हात धरला. किती वेळ बघत राहिले कोण जाणे. खालून येणारा बैलगाडीवाला म्हणाला, “ताई, कोणाची वाट बघताय?” मी म्हटलं, “कोणाची नाही.” शाळू कापून झाला होता. पायथ्यापर्यंत सगळी वाट उघडी होती आणि मी नजर न हलवता चालत गेले, तरी काही दिसलं नाही.

पायथ्याशी पोचले तेव्हा चहाचा वास आला, नेहमीसारखाच.

तेव्हापासून एकच विचार मनातून जात नाही. खाकी कोट घातलेला माणूस त्या टेकाडापुढे उभा असला तर फाट्यावरून दिसत नाही. यंत्रालाही तो कळत नाही. मीच तर त्याला तसं उभं राहायला सांगितलं होतं.